साहसी प्रवासिनी फॅनी वर्कमन

सायकल ही आपल्या नित्याच्या परिचयाची वस्तू आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठावे, मित्रांबरोबर सायकलीवर गोवळकोंड्यापर्यंत जावे, किल्ल्याच्या पायथ्याशी शिदोरी सोडावी आणि उन्हे तापण्याच्या आत घरी परतावे, एवढ्यानेही आपणांस मोठा प्रवास केल्याचे समाधान लाभते. परतताना एखाद्याच्या चाकात काटा शिरला, की मात्र सर्वांचा उत्साह मावळू लागतो. मग एका दिवसात चाळीस वेळांपर्यंत चाके पंक्चर होऊनही ज्यांनी प्रवास सोडला नाही, ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश व जावा ह्या देशांत मिळून चौदा हजार मैलांची मजल मारली, त्या प्रवाशांच्या चिकाटीला काय म्हणावे? चौदा हजार मैल म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटर. हैदराबादहून पुण्यास वीस वेळा जाऊन वीस वेळा परत यावे, एवढे हे अंतर होते. हे प्रवासी दोघेच होते, आणि त्यांपैकी एक स्त्री होती. तिचे नाव फॅनी बुलक वर्कमन. पुढे हिमालयातील हिमनद्या व शिखरे ह्यांच्या संशोधनाने ती जगप्रसिद्ध झाली. परंतु त्या उंच शिखरांची वाट सायकलीच्या दोन चाकांवरूनच गेली होती.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर ह्या गावी झाला. तिचे घराणे श्रीमंत व प्रतिष्ठित होते. तिचे वडील अलेक्झांडर बुलक हे १८६६ ते १८६९ ह्या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. अशा घरातील मुलीने थोडे शिक्षण घ्यावे, चार युरोपीय भाषा बोलाव्यात, उंची पोशाख करावा व योग्य वेळी तोलामोलाच्या घरी पडावे, अशीच तेव्हाची रीत होती. फॅनीचे शिक्षण प्रथम घरी, पुढे न्यूयॉर्कमध्ये व नंतर पॅरिस आणि ड्रेस्डेन येथे झाले. फ्रेंच व जर्मन भाषा तिला उत्तम अवगत झाल्या. परंतु दिवाणखान्यात बसून कशिदा काढण्यात तिचे मन रमत नव्हते. मोकळ्या हवेची, डोंगरांची आणि दूरच्या वाटांची ओढ तिला लहानपणापासूनच होती.

१८८२ साली विल्यम हंटर वर्कमन ह्या डॉक्टरांशी तिचा विवाह झाला. विल्यम तिच्याहून बारा वर्षांनी वडील होते. ते विद्वान, शांत स्वभावाचे व गिर्यारोहणाचे शौकीन होते. न्यू हँपशर राज्यातील व्हाइट माउंटन्स ह्या डोंगरांत त्यांनी पत्नीला चढाईचे पहिले धडे दिले. तेथील गिर्यारोहण मंडळांत स्त्रियांना मज्जाव नव्हता. त्यामुळे फॅनीला बरोबरीच्या इतर स्त्रियाही भेटल्या व आपण जे करतो ते स्त्रीस अशक्य नाही, ही खूणगाठ तिने मनाशी बांधली. पतिपत्नीचे हे नाते पुढे सहप्रवाशांचे झाले. संसारात जसे ते एकमेकांचे सोबती होते, तसेच रानावनात, उन्हातान्हात आणि बर्फाच्या वादळातही ते एकमेकांचे मित्र ठरले.

१८८९ साली विल्यम ह्यांची प्रकृती बिघडली. त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडला व हे कुटुंब जर्मनीस जाऊन राहिले. दोघांच्याही वडिलांच्या संपत्तीमुळे त्यांना चरितार्थाची विवंचना नव्हती. रेचेल ही मुलगी १८८४ साली झाली होती. सिगफ्रीड हा मुलगा युरोपात आल्यावर झाला. दुर्दैवाने १८९३ साली आजारपणात हा चिमुकला मुलगा दगावला. ह्या आघाताने मातेच्या हृदयाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पनाच करावी. त्यानंतर फॅनीने घरात कोंडून घेतले नाही. मुलीच्या शिक्षणाची व्यवस्था करून पतिपत्नी दीर्घ प्रवासास निघू लागली. मुलीला दूर ठेवून आईने देशोदेशी हिंडावे हे अनेकांना रुचले नाही, आणि आजही ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. मात्र पुढे रेचेलही भूगर्भशास्त्राच्या अभ्यासाकडे वळली, हे येथे सांगितले पाहिजे.

ह्याच काळात सायकलीने युरोप-अमेरिकेत मोठीच क्रांती घडविली होती. पूर्वीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे प्रचंड चाक व मागे एक लहानसे चाक अशी असे. तिच्यावर चढणे म्हणजे जिवाशी खेळ होता. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली ह्या इंग्रज कारागिराने दोन सारख्या चाकांची व साखळीने चालणारी सायकल सिद्ध केली. १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या रबरी धावांचे पेटंट घेतले. ह्या दोन शोधांमुळे सायकल सुरक्षित व सुखावह झाली आणि स्त्रियांनाही ती चालविता येऊ लागली. ज्या स्त्रीला आजवर गाडीत बसवून न्यावे लागे, ती आता स्वतःच्या पायांच्या बळावर हवी तेथे जाऊ लागली. स्त्रीस्वातंत्र्याच्या चळवळीला ह्या साध्या यंत्राने केवढा तरी हातभार लावला. फॅनीबाईंनी हे यंत्र आपलेसे केले, ह्यात नवल नाही.

प्रथम फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली ह्या देशांत त्या दोघांनी सायकलीने प्रवास केला. मग ती आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरियात गेली. १८९५ साली त्यांनी स्पेनमध्ये अठ्ठावीसशे मैलांची सफर केली. प्रत्येकाच्या सायकलीवर सुमारे वीस पौंड, म्हणजे नऊ किलो सामान असे. दिवसाला सरासरी पंचेचाळीस मैल, आणि कधीकधी ऐंशी मैलांपर्यंत त्यांची मजल जाई. वाटेत अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांसाठी चाबूक व चोरांच्या भीतीमुळे पिस्तूलही त्यांनी जवळ बाळगले होते. प्रत्येक प्रवासानंतर दोघांनी मिळून पुस्तक लिहावे, असा त्यांचा नेम पडला. रस्ता, अंतर, पाहिलेल्या वास्तू, भेटलेली माणसे ह्यांची टिपणे रोजच्या रोज लिहून काढावयाची, मग अंग कितीही दुखत असो. ही शिस्त पुढे हिमालयात त्यांच्या फार उपयोगी पडली.

१८९७ च्या नोव्हेंबरात त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रवासास आरंभ झाला. तेव्हा फॅनीबाई अडतीस वर्षांच्या व विल्यम पन्नाशीचे होते. सिलोनमध्ये सायकली फिरवून ती दोघे हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाशी आली आणि तेथून थेट हिमालयाच्या पायथ्याकडे निघाली. केवळ हे अंतरच सुमारे चार हजार मैलांचे होते. त्या काळी आपला देश सुखात नव्हता. मुंबई-पुण्याकडे प्लेगने हाहाकार उडविला होता, आणि थोड्याच काळात, १८९९-१९०० साली, फार मोठा दुष्काळ पडला. रेल्वेचे जाळे पसरत होते खरे, पण ते सर्वत्र पोहोचलेले नव्हते. हैदराबाद व मनमाड ह्यांस जोडणारा आपला लोहमार्गही तेव्हा पुरा झालेला नव्हता. मोठ्या गावांना जोडणारे खडीचे रस्ते सोडले, तर बाकी सारा बैलगाडीच्या चाकोऱ्यांचाच मामला होता.

ह्या प्रवाशांचे खरे आकर्षण होते ते प्राचीन हिंदी शिल्पाचे. रामायण, महाभारत व जातककथा ज्या भूमीत जन्मल्या, ती भूमी व तेथील मंदिरे आपल्या डोळ्यांनी पाहावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, ही त्यांची इच्छा होती. वेरूळ व अजिंठा ही लेणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात होती, आणि भारतीय शिल्पाचा शोध घेणाऱ्यास दख्खन वगळून पुढे जाणे शक्यच नव्हते. संस्थानचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले ते १९१४ साली. म्हणजे त्यापूर्वीच्या प्रवाशाला वाटेची, मुक्कामाची व माहितीची सोय आपली आपणच लावावी लागे. आज आपण गाडीतून उतरून तिकीट काढतो व तासाभरात लेणी पाहून परततो. त्या काळी अशा एका दर्शनासाठी किती घाम गाळावा लागत असेल, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्यांच्या सामानाची यादी पाहण्याजोगी आहे. चहा, साखर, बिस्किटे, डब्यांतील मांस, पिण्याचे पाणी, प्रत्येकी एक उशी व एक घोंगडी, लिहिण्याचे साहित्य, थोडी औषधे आणि सायकल दुरुस्तीची हत्यारे; एवढ्यावर त्यांचा संसार चाले. मुक्काम मिळेल तेथे करावयाचा. कधी डाकबंगला, कधी रेल्वे स्थानकातील विश्रांतीची खोली, तर कधी उंदरांचा सुळसुळाट असलेली एखादी पडकी जागा. कित्येकदा अन्नावाचून किंवा पाण्यावाचून मैलच्या मैल तुडवावे लागत. डासांचे व किड्यांचे थवे तर रात्रंदिवस पाठीशी असत. अशाही स्थितीत फॅनीबाईंनी आपला लांब झग्याचा पोशाख सोडला नाही. डोक्यावर उन्हाची टोपी व अंगावर तो पायघोळ झगा अशा वेषात त्या सायकल हाकीत.

पंक्चरांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडील बाभळीचा काटा कसा असतो, हे खेड्यात वावरलेल्यांना सांगावयास नको. तो जाड चपलेतूनही पायात शिरतो, मग रबराच्या धावेचा काय पाड! काटा शिरला की चाक सोडवावयाचे, आतील नळी बाहेर काढावयाची, पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावयाचे, ती जागा कोरडी करून घासावयाची, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवावयाचे आणि पुन्हा हवा भरावयाची. सरावलेल्या हातांनाही ह्या कामास दहा मिनिटे तरी लागतात. एखाद्या दिवशी असे चाळीस वेळा घडले, तर केवळ ठिगळे लावण्यातच साडेसहा तासांहून अधिक वेळ जाणार, हे गणित आपण सहज करू शकतो. उरलेल्या वेळात अंतर तोडावयाचे, अन्नपाणी शोधावयाचे व रात्रीचा निवारा गाठावयाचा. मोठे साहस म्हणजे वाघाशी झुंज, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एकेचाळिसाव्या वेळी चाक सोडविण्यास न कंटाळता बसणे, हेच साहसाचे खरे स्वरूप होय.

उन्हाळ्याचा ताप असह्य झाला तेव्हा, १८९८ साली, ह्या दोघांनी सायकली मागे ठेवून काश्मीर व लडाखचा रस्ता धरला. अत्युच्च खिंडी पायी ओलांडून ती काराकोरम खिंडीपर्यंत गेली. हिमालयाच्या ह्या पहिल्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याला नवीन वळण दिले. त्याच वर्षी त्यांनी कांचनगंगेच्या परिसरात मोहीम काढली. परंतु हवामान व हमालांशी झालेली बेबनावाची स्थिती ह्यांमुळे थोड्याच दिवसांत परत फिरावे लागले. सायकलीचा अडीच वर्षांचा हा सारा प्रवास पुढे १९०४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात मंदिरांच्या व लेण्यांच्या वर्णनालाच मानाचे स्थान आहे.

१८९९ ते १९१२ ह्या काळात वर्कमन पतिपत्नींनी काराकोरम व हिमालयात पुनःपुन्हा मोहिमा काढल्या. १८९९ साली मथायस झुरब्रिगन ह्या नामांकित स्विस वाटाड्याबरोबर ती बियाफो हिमनदीवर गेली. तेथील एका शिखराला त्यांनी आपल्या दिवंगत मुलाचे, सिगफ्रीडचे नाव दिले. ह्याच मोहिमेत फॅनीबाई सुमारे एकवीस हजार फुटांचे कोसर गुंगे हे शिखर चढल्या. तोपर्यंत एवढ्या उंचीवर कोणतीही स्त्री गेलेली नव्हती. १९०६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी नून-कून पर्वतसमूहातील पिनॅकल पीक हे ६,९३० मीटर उंचीचे शिखर सर केले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. चार पावले टाकली तरी धाप लागते, झोप येत नाही, अन्नावरची वासना उडते. तेव्हा प्राणवायूची नळकांडी नव्हती, हलके व उबदार कृत्रिम धाग्याचे कपडे नव्हते. होते ते लोकरीचे कपडे, खिळे मारलेले बूट व मनाचा निर्धार.

केवळ चढून जाणे एवढ्यानेच ह्या दोघांचे समाधान होत नसे. वाटेने उंचीची, तापमानाची व हिमनद्यांच्या हालचालींची निरीक्षणे ते नोंदवीत. उंची मोजण्याची त्यांची एक रीत आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातील तत्त्वावर आधारलेली आहे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी तापमानाला उकळू लागते. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश सेल्सिअस, असा हा फरक पडतो. उकळत्या पाण्याचे तापमान अचूक मोजले, की उंचीचा अंदाज बांधता येतो. ही रीत पूर्णपणे बिनचूक नव्हे. म्हणूनच पिनॅकल पीकची उंची फॅनीबाईंनी तेवीस हजार फुटांच्या वर सांगितली होती, ती पुढील मोजणीत काही शे फुटांनी कमी भरली.

उंचीच्या ह्या प्रश्नावरून एक वाद उभा राहिला. १९०८ साली ॲनी पेक ह्या दुसऱ्या अमेरिकन गिर्यारोहिणीने पेरू देशातील वास्करान पर्वताचे एक शिखर सर केले व ते चोवीस हजार फुटांपर्यंत असावे, असा अंदाज प्रसिद्ध केला. फॅनीबाईंना हे मानवले नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने जाणते मोजणीदार पेरूला पाठविले व त्रिकोणमितीच्या साहाय्याने त्या पर्वताची मोजणी करविली. ॲनी पेक ह्यांनी सर केलेले शिखर बावीस हजार फुटांहूनही कमी भरले आणि फॅनीबाईंचा विक्रम अबाधित राहिला. पुढे १९३४ साली हेटी डायरेनफर्ट ह्या स्त्रीने काराकोरममध्ये तो मोडला. एका विक्रमासाठी एवढा द्रव्यव्यय करणे हे कित्येकांना मत्सराचे लक्षण वाटले. परंतु त्याच वेळी हेही खरे, की फॅनीबाईंना आयुष्यभर आपल्या प्रत्येक म्हणण्याचा पुरावा द्यावा लागला होता. पुरुषाच्या शब्दावर जेथे लोक सहज विश्वास ठेवीत, तेथे स्त्रीच्या शब्दाला शंकेचे शेपूट चिकटत असे.

ह्या शंकेला त्यांनी कामाने उत्तर दिले. १९०५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्यांचे व्याख्यान झाले. इझाबेला बर्ड ह्यांच्यानंतर हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री होत. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात व्याख्यान देणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री ठरल्या. पतिपत्नीने आपल्या मोहिमांत एक सुंदर पद्धत पाडली होती. एका मोहिमेचे नेतृत्व व सारी व्यवस्था एकाने पाहावयाची व दुसऱ्याने छायाचित्रे आणि शास्त्रीय निरीक्षणे सांभाळावयाची. पुढील मोहिमेत कामांची अदलाबदल करावयाची. पती थोर व पत्नी त्याची मदतनीस, हा भेद त्यांनी ठेवलाच नाही. १९११ व १९१२ साली सियाचीन हिमनदीचे जे मोठे संशोधन झाले, त्याचे नेतृत्व फॅनीबाईंकडे होते. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. सुमारे एकवीस हजार फुटांच्या बर्फाळ पठारावर, हातात स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणारे वृत्तपत्र धरून, त्यांनी आपले छायाचित्र काढविले. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १९२० साली.

येथपर्यंत आपण त्यांचे गुण पाहिले. परंतु चरित्र म्हणजे केवळ स्तुतिस्तोत्र नव्हे. ज्या हमालांच्या पाठीवर तंबू, धान्य व यंत्रे लादून ह्या मोहिमा वर चढल्या, त्या हमालांविषयी वर्कमन पतिपत्नींच्या मनात पुरेसा आदर नव्हता. त्यांच्या ग्रंथांत त्या गरीब माणसांविषयी तक्रारीचाच सूर वारंवार उमटतो. बाल्टिस्तान व काश्मीरमधील ते शेतकरी पुरेशा उबदार कपड्यांवाचून, जाड बुटांवाचून बर्फावर चालत होते. शिखराच्या मानात त्यांचा वाटा नव्हता; पडले-झडले तर घरच्या माणसांना आधार नव्हता. त्यांनी पुढे जाण्यास नकार दिला, तर तो भित्रेपणा म्हणावयाचा की शहाणपणा? मोहिमांत वेळोवेळी हमाल सोडून गेले, आणि पुढे काही इटालियन हमाल मुद्दाम बरोबर आणावे लागले. १९१२ च्या सियाचीन मोहिमेत त्यांच्यापैकीच चेनोझ नावाचा एक हमाल बर्फाच्या भेगेत कोसळून प्राणास मुकला. फॅनीबाई तेथून जवळच होत्या व थोडक्यात बचावल्या. त्याच मोहिमेत भारतीय सर्वेक्षण खात्याच्या सर्जनसिंग ह्यांनी पीटरकिन ह्या इंग्रज मोजणीदाराबरोबर हिमनदीच्या नकाशाचे काम केले. असे एखादे नाव आपल्यापर्यंत पोहोचते. बाकीच्या शेकडो माणसांची नावे बर्फावरील पावलांप्रमाणे पुसली गेली.

ज्या स्त्रीने जगाला ठणकावून सांगितले, की माझी योग्यता माझ्या स्त्रीपणावरून ठरवू नका, मी किती वाट चालले त्यावरून ठरवा, त्याच स्त्रीला आपल्या बरोबर तीच वाट, तीही पाठीवर ओझे घेऊन, चालणाऱ्या माणसांना त्याच मापाने मोजता आले नाही. ही त्यांच्या आयुष्यातील मोठी उणीव होय. त्या काळचे बहुतेक गोरे प्रवासी असेच वागत, हे कारण सांगता येईल. पण कारण सांगितल्याने उणीव भरून निघत नाही. स्वतःवरील अन्याय माणसाला चटकन दिसतो; आपल्या हातून दुसऱ्यावर होणारा अन्याय दिसण्यास मात्र मन फार मोठे असावे लागते. ह्या चरित्रापासून घ्यावयाचे धडे दोन आहेत, आणि त्यांतील हा दुसरा धडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

फॅनीबाई हिंदुस्थानात सायकलीवर फिरत होत्या, त्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही स्त्रियांसाठी एक वेगळी, पण तितकीच खडतर वाट तयार होत होती. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली होती व १९०० साली तो आश्रम हिंगण्यास गेला. पुण्याहून हिंगण्याची ती चिखलाची वाट अण्णा रोज पायी तुडवीत. त्याआधी आनंदीबाई जोशी ह्यांनी समुद्र ओलांडून अमेरिकेत १८८६ साली डॉक्टरची पदवी मिळविली होती. त्यांना ना संपत्तीचे पाठबळ होते, ना निरोगी प्रकृतीचे. फॅनीबाईंच्या विक्रमांचे माप फुटांत व मैलांत घेता येते. आनंदीबाईंच्या विक्रमाला तसे माप नाही. तथापि घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेले प्रत्येक पाऊल मागून येणाऱ्या कितीतरी जणींची वाट मोकळी करते, ही गोष्ट दोघींच्याही बाबतीत सारखीच खरी आहे.

सायकलीने दूरचा पल्ला गाठण्याची ही ईर्ष्या पुढे आपल्याकडेही जागी झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटे व पर्वत ओलांडून, चार वर्षे पाच महिन्यांनी, मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. १९२४ साली फ्रामरोझ दावर हे मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्ना येथे गुस्ताव्ह नावाचा तरुण त्यांना भेटला आणि पुढचा कित्येक वर्षांचा प्रवास ह्या दोन मित्रांनी जोडीने केला. ह्या तरुणांजवळ वर्कमनांची संपत्ती नव्हती, आणि ओझे वाहणारे हमालही नव्हते. आपले ओझे आपणच वाहत ते जग हिंडले. त्यांची कीर्ती आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी आली नाही, ह्याची खंत वाटते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वर्कमनांच्या मोहिमा थांबल्या. पुढे फॅनीबाईंची प्रकृती ढासळली. दीर्घ आजारानंतर २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान येथे त्यांचे देहावसान झाले. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी मोठी रक्कम अमेरिकेतील चार महिला महाविद्यालयांस ठेवली होती. ज्या ज्ञानासाठी त्या स्वतः देशोदेशी भटकल्या, ते मुलींना आपल्या देशातच मिळावे, हीच त्यामागील इच्छा होती. विल्यम ह्यांना नव्वदीपर्यंत आयुष्य लाभले. १९३७ साली ते निवर्तले. दोघांच्या अस्थी त्यांच्या जन्मप्रांती, वूस्टर येथे विसावल्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकी सर्वांनाच हिमालय चढता येणार नाही, व तशी आवश्यकताही नाही. पण मित्राला बरोबर घेऊन चार दिवसांची सायकल सफर काढणे अवघड नाही. निघण्यापूर्वी रस्त्याचा नकाशा पाहावा, चाकांची व ब्रेकांची तपासणी करावी, ठिगळांचे साहित्य व पाणी बरोबर घ्यावे, वडील माणसांना मुक्कामाची ठिकाणे सांगावीत. रोज रात्री दोन पाने टिपण लिहावे. वाटेत काटे शिरतीलच. तेव्हा एकाने चाक सोडवावे व दुसऱ्याने नळी धरावी. आणि ज्या खेड्यात कोणी तांब्याभर पाणी देईल, ज्या देवळाच्या ओवरीत कोणी रात्रीपुरती जागा देईल, त्या माणसाचे नाव विचारून ते आपल्या टिपणवहीत पहिल्या ओळीत लिहावे. फॅनीबाईंच्या वह्यांत मैल होते, फूट होते, तापमानाचे अंश होते. ही एक नोंद मात्र बहुधा राहून गेली. ती आपण पुरी करावी.